लाटांचे सांख्यिकीय मोजमाप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा, कऱ्हाड आणि सांगलीतले अभियांत्रिकीचे विद्यार्थी प्रकल्पासाठी रत्नागिरीच्या समुद्रातली लाटांची आकडेवारी घेतात. काही जण धोम, कण्हेर किंवा चांदोली धरणाच्या पाण्यावर स्वतः मोजमाप करून पाहतात. दोन्ही ठिकाणी तेच प्रश्न पुन्हापुन्हा येतात, म्हणून उत्तरे एकत्र दिली आहेत. गणित समुद्राचेच आहे. जलाशयावर ते लहान प्रमाणात आणि कमी खर्चात करून बघता येते, इतकाच फरक.

समुद्र नसलेल्या जिल्ह्यात लाटा मोजून काय साधणार?

बरेच साधते. वाऱ्याने उठलेली लाट धरणाच्या पाण्यावरही त्याच नियमांनी वाढते. फक्त ती आखूड असते. रत्नागिरीसमोर पावसाळ्यात लाटेचा आवर्तकाल, म्हणजे एक शीर्ष गेल्यापासून पुढचे येईपर्यंतचा वेळ, १० सेकंदांच्या आसपास असतो. पाच-सहा किलोमीटर मोकळ्या जलाशयावर तो दोन-अडीच सेकंद असतो. त्यामुळे समुद्रात शंभर लाटा मोजायला सुमारे सतरा मिनिटे लागतात, तर इथे चार मिनिटे. नोंद, छाननी, आकडेमोड आणि शंका हा पूर्ण क्रम एका दुपारी हातावेगळा होतो. सुरुवातीला हेच शिकायला हवे.

बातमीत ‘३ मीटर उंचीच्या लाटा’ म्हणतात. म्हणजे प्रत्येक लाट ३ मीटरची?

नाही. हा आकडा लक्षणीय उंचीचा असतो. ठरावीक वेळात आलेल्या सगळ्या लाटा उंचीप्रमाणे लावायच्या, त्यातल्या सर्वांत उंच एक तृतीयांश घ्यायच्या आणि त्यांची सरासरी काढायची. दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्यावर सैन्य उतरवण्यासाठी लाटांचा अंदाज हवा होता, तेव्हा हॅराल्ड स्वेरड्रप आणि वॉल्टर मुंक यांनी हे माप रूढ केले. सरावलेला खलाशी नजरेने जी उंची सांगतो, ती या सरासरीच्या जवळ जाते. बारीक लाटा डोळा आपोआप सोडून देतो.

म्हणून ‘३ मीटर’ म्हटले की बहुतेक लाटा ३ मीटरपेक्षा लहान असतात आणि काही बऱ्याच मोठ्या असतात. उंचींची वाटणी, म्हणजे किती उंचीच्या लाटा किती येतात ते, रॅली वितरण या सूत्राप्रमाणे धरली (मायकेल लाँग्वे-हिगिन्स यांनी १९५२ मध्ये हे मांडले), तर शंभरातल्या तेरा-चौदा लाटा लक्षणीय उंचीच्या वर जातात. सगळ्या लाटांची सरासरी लक्षणीय उंचीच्या साधारण ०.६३ पट येते, म्हणजे इथे १.९ मीटर. सर्वांत उंच एक दशांश लाटांची सरासरी १.२७ पट, म्हणजे ३.८ मीटर.

लाटेचा आकडा कुठेही वाचला तरी तीन गोष्टी विचारा : कोणती सरासरी, किती वेळाच्या नोंदीवरून, आणि आवर्तकाल किती. हे तिन्ही कळल्याशिवाय ‘३ मीटर’ या आकड्यावर काहीही ठरवू नये. २ मीटरची १५ सेकंदांची लाट आणि २ मीटरची ६ सेकंदांची लाट किनाऱ्यावर अगदी वेगळी वागतात. पहिली लांब, पाण्याचा मोठा लोंढा घेऊन येणारी असते आणि खडकावर दूरवर चढते.

नोंदीतून एकेक लाट सुटी कशी करायची?

आधी सरासरी पातळी वजा करून तिला शून्यरेषा माना. पाणी वरून खाली येताना शून्यरेषा ओलांडते तिथे लाट सुरू झाली, आणि पुढच्या वेळी तसेच ओलांडते तिथे संपली. या दोन छेदांमधले सर्वांत वरचे आणि सर्वांत खालचे टोक यांतले अंतर ही लाटेची उंची, आणि दोन छेदांमधला वेळ हा तिचा आवर्तकाल. खालून वर जाणारे छेद धरले तरी चालते, पण एका कामात एकच पद्धत ठेवा आणि ती लिहून ठेवा.

एक छोटे उदाहरण. बारा लाटा, सेंटीमीटरमध्ये : १४, २२, ९, ३१, १८, २६, १२, ३५, २०, १६, २८, २४. बेरीज २५५, सरासरी २१.२५. सर्वांत उंच चार : ३५, ३१, २८, २६. त्यांची सरासरी ३०, म्हणजे लक्षणीय उंची ३० सेंमी. ती सरासरीच्या १.४१ पट येते, तर रॅली वितरणाप्रमाणे सुमारे १.६ पट यायला हवी. इथे सूत्र चुकलेले नाही. बारा लाटांवर वितरण तपासता येत नाही, एवढाच याचा अर्थ.

शून्यरेषेजवळच्या लहान थरथरीमुळे खोट्या लाटा तयार होतात आणि सरासरी खाली ओढतात. म्हणून किमान उंचीची अट घाला. जलाशयावर २ सेंमीपेक्षा लहान लाट शेजारच्या लाटेत मिसळून टाकली की आकडे स्थिरावतात. ही अट अहवालात लिहायलाच हवी, कारण ती बदलली की लाटांची संख्या आणि सरासरी आवर्तकाल दोन्ही बदलतात.

काही ठिकाणी लक्षणीय उंची ‘चार गुणिले प्रमाण विचलन’ अशी काढतात. दोन्ही उत्तरे जुळत नाहीत. कोणते खरे?

दोन्ही खरी, पण दोन वेगळी मापे. पाण्याच्या पातळीचे प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचे माप, काढून त्याला ४ ने गुणले की स्पेक्ट्रमवरून (कोणत्या वारंवारतेच्या लाटांत किती ऊर्जा आहे ते दाखवणाऱ्या आलेखावरून) मिळणारी उंची येते. लाटा अरुंद पट्ट्यातल्या असतील, म्हणजे सगळ्यांचा आवर्तकाल जवळपास सारखा असेल, तर सिद्धांताप्रमाणे हा गुणक ४.००४ येतो. खऱ्या पाण्यात आवर्तकालांची सरमिसळ असते. त्यामुळे लाटा मोजून काढलेली उंची साधारण ५ टक्क्यांनी कमी येते, गुणक ३.८ च्या आसपास बसतो.

फरक ५ टक्क्यांच्या आसपास असेल तर काळजी नको. १५ टक्क्यांवर गेला तर बहुधा पातळीतला संथ चढउतार वजा करायचा राहिला आहे, किंवा नोंदीत एखादा अवास्तव उसळलेला आकडा आहे. प्रमाण विचलन या दोन्हींनी लगेच फुगते. म्हणूनच दोन्ही पद्धतींनी काढून तुलना करावी. एक्सेलमध्येही हे पाच मिनिटांचे काम आहे.

मग सर्वांत मोठी लाट किती उंच धरायची?

किती लाटा येऊन गेल्या त्यावर ते ठरते. ढोबळ सूत्र असे : लाटांच्या संख्येचा नैसर्गिक लॉगॅरिथम घ्या, २ ने भागा, वर्गमूळ काढा आणि त्याला लक्षणीय उंचीने गुणा. १० सेकंदांच्या लाटा तीन तास चालल्या तर १,०८० लाटा होतात आणि गुणक १.८७ येतो. लक्षणीय उंची ३ मीटर असेल तर त्या तीन तासांत साधारण ५.६ मीटरची एक लाट अपेक्षित धरावी. वीस मिनिटांत १२० लाटा धरल्या तर गुणक १.५५.

लक्षणीय उंचीच्या दुप्पट लाट सुमारे ३,००० लाटांत एकदा येते. १० सेकंदांच्या हिशेबाने आठ-सव्वाआठ तासांत एकदा. त्यामुळे ‘तासभर बघत होतो, काही मोठे आले नाही’ एवढ्यावर खडकावर उतरणे धोक्याचे आहे. कुंभार्ली घाटाने चिपळूणमार्गे गुहागरला जाणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात ठेवावाच. दुपटीच्या वर गेलेल्या लाटांचे प्रसिद्ध उदाहरण उत्तर समुद्रातले आहे. १ जानेवारी १९९५ रोजी ड्रॉप्नर या नैसर्गिक वायूच्या फलाटावरच्या लेझरने सुमारे २५.६ मीटरची लाट टिपली, तेव्हा लक्षणीय उंची सुमारे १२ मीटर होती.

‘दर सातवी लाट मोठी’ या समजुतीला सांख्यिकीय आधार नाही. मोठ्या लाटा गटाने येतात हे मात्र खरे. जवळपासच्या आवर्तकालांच्या लाटा एकमेकींत मिसळतात, म्हणून काही वेळ जोर आणि काही वेळ शांतता असे चालते. गटात किती लाटा, हे ठरलेले नसते.

पावसाळ्यात ‘मुंबईत ४.८ मीटरच्या लाटा उसळणार’ असे छापून येते. ती लक्षणीय उंची का?

नाही, आणि हा गोंधळ दरवर्षी होतो. तो आकडा भरतीच्या पातळीचा असतो, म्हणजे सागरी नकाशांच्या आधारपातळीपासून पाणी किती वर चढेल त्याचा. चंद्र-सूर्याच्या गतीवरून तो कित्येक महिने आधी सांगता येतो. लाटांची उंची वाऱ्यावर अवलंबून असते आणि तिचा अंदाज काही दिवसांपुरताच देता येतो. समुद्र शांत असताना ४.८ मीटरची भरती येऊ शकते, आणि ओहोटीच्या वेळी ३ मीटरच्या लाटा असू शकतात. दोन्ही एकाच वेळी आल्या की पाणी भिंतीवरून रस्त्यावर येते. लाटांचा अंदाज हवा असेल तर हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा बघावा. तिथे उंची, आवर्तकाल आणि दिशा वेगवेगळी दिलेली असते.

नोंद किती वेळ घ्यायची आणि सेकंदाला किती आकडे?

लाटांच्या संख्येने विचार करा, मिनिटांनी नको. शंभर लाटांच्या नोंदीवरून काढलेल्या लक्षणीय उंचीत सुमारे ६ टक्के प्रमाण त्रुटी राहते. चारशे लाटा घेतल्या तर ती निम्मी होते. समुद्रात २० ते ३० मिनिटे घेतात, कारण त्याहून जास्त वेळ घेतला तर वारा आणि भरती बदलतात आणि एकाच स्थितीचे मोजमाप राहत नाही. जलाशयावर २ सेकंदांच्या लाटांसाठी १० मिनिटे, म्हणजे ३०० लाटा, पुरेशा आहेत.

आकड्यांची घनता कमी पडली की शीर्ष दोन आकड्यांच्या मधे निसटते. २ सेकंदांच्या लाटेला सेकंदाला दोनच आकडे घेतले तर सर्वांत वाईट स्थितीत शीर्षाची ३० टक्के उंची हुकते. सेकंदाला ४ घेतले तर साडेसात टक्के, ८ घेतले तर दोन टक्के. म्हणून जलाशयावर ८ हर्ट्झ ठेवा. डेटावेल कंपनीचे वेव्हरायडर बोये, म्हणजे लाटा मोजणारे तरंगते गोळे, समुद्रात १.२८ हर्ट्झने नोंदतात. तो वेग बघून तोच इथे वापरू नये.

कोणते उपकरण घ्यावे?

पहिल्या सरावासाठी पट्टी आणि मोबाइल. २५ मिमी व्यासाचा पांढरा पीव्हीसी पाइप घ्या, त्यावर दर २ सेंमीला काळी-लाल आलटून-पालटून पट्टी मारा आणि कडेच्या उथळ पाण्यात तळात घट्ट रोवा. मोबाइल तिपाईवर लावून दहा मिनिटांचे चित्रण करा आणि संगणकावर थांबवत थांबवत दर पाव सेकंदाला पातळी वाचा. २,४०० आकडे वाचायला कंटाळा येतो, पण लाट म्हणजे काय ते या पद्धतीइतके दुसऱ्या कशानेच कळत नाही. पाइप जाड नको. लाट आदळली की त्याच्या पुढच्या अंगाला पाणी चढते. ३० सेंमी, २ सेकंदांच्या लाटेत पाण्याचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरपर्यंत जातो आणि पाणी साधारण सेंटीमीटरभर चढते. म्हणून वाचन पाइपच्या बाजूने करा, समोरून नाही.

पाण्याच्या वर टांगलेला अल्ट्रासोनिक सेन्सर स्वस्त आहे, पण लाटेचा उतार तिरपा झाला की प्रतिध्वनी परत येत नाही आणि नोंदीत खळगे पडतात. शिवाय ध्वनीचा वेग दर अंश सेल्सिअसला सेकंदाला ०.६ मीटरने बदलतो. सेन्सर ३ मीटर उंचीवर असेल आणि सकाळ ते दुपार तापमान १० अंशांनी वाढले, तर पातळी ५ सेंमी सरकल्यासारखी दिसते. लाटांच्या उंचीत याचा फरक थोडाच पडतो, सरासरी पातळीत मात्र मोठा पडतो.

त्वरणमापक बसवलेला तरंगता गोळा घरी बनवता येतो. जलाशयावर तो चांगला चालतो. ३० सेंमी, २ सेकंदांच्या लाटेत त्वरण सेकंदवर्गाला दीड मीटरच्या घरात जाते, स्वस्त चिपही ते सहज टिपते. हाच गोळा समुद्रात टाकला की अडचण येते. १ मीटर उंचीच्या, १५ सेकंदांच्या स्वेलचे, म्हणजे दुरून आलेल्या लांब लाटेचे त्वरण फक्त ०.०९ असते आणि ते चिपच्या गोंगाटात हरवते. त्वरणाचे दोनदा संकलन (इंटिग्रेशन) करून उंची काढायची असते. त्या क्रियेत कमी वारंवारतेचा गोंगाट प्रचंड वाढतो. स्पेक्ट्रमच्या डाव्या टोकाला आकाशाला भिडणारी रेघ दिसली तर ती लाट नव्हे, हा गोंगाट आहे.

दाबमापक सेन्सरचा प्रश्न मोठा आहे, म्हणून वेगळे उत्तर.

दाब सेन्सर पाण्याखाली किती खोल ठेवायचा?

लाटेचा दाब खोलीबरोबर झपाट्याने विरतो, आणि आखूड लाटेचा फारच लवकर. २ सेकंदांच्या लाटेची तरंगलांबी खोल पाण्यात सव्वासहा मीटर. सेन्सर पृष्ठभागाखाली ५० सेंमीवर असेल तर लाटेचा ६० टक्के दाब त्याला जाणवतो. १ मीटरवर ३६ टक्के, २ मीटरवर १३ टक्के, ३ मीटरवर ५ टक्के. उलट समुद्रात १३ मीटर पाण्याच्या तळाशी ठेवलेल्या सेन्सरला १० सेकंदांच्या लाटेचा ७५ टक्के दाब मिळतो, पण त्याच जागी ४ सेकंदांच्या लाटेचा जेमतेम साडेसात टक्के. तळाशी ठेवलेल्या सेन्सरने समुद्र नेहमीपेक्षा गुळगुळीत दिसतो, तो यामुळे.

विरलेला दाब गणिताने भरून काढता येतो. दाबाचा जो हिस्सा सेन्सरपर्यंत पोचतो तो विरण्याचा गुणक (१३ टक्के म्हणजे ०.१३). प्रत्येक वारंवारतेचा स्पेक्ट्रम त्या-त्या गुणकाच्या वर्गाने भागायचा. पण लाटेबरोबर गोंगाटही तितकाच वाढतो. गुणक ०.१३ असेल आणि सेन्सर २ मिमीपर्यंतच अचूक असेल, तर पृष्ठभागावर ती चूक १५ मिमी होते. गुणक ०.१ च्या खाली गेला की ती वारंवारता सोडून द्या. जिथे कापले ती सीमा अहवालात लिहा.

जलाशयावर सेन्सर ५० ते ७० सेंमी खोल ठेवा. त्याहून वर ठेवला तर द्रोणी, म्हणजे लाटेचा खोलगट भाग, आली की उघडा पडतो आणि नोंदीचा खालचा भाग सपाट कापला जातो. सेन्सर २ बार निरपेक्ष दाबाच्या पल्ल्याचा घ्या. ३० बारचा खोल पाण्यासाठी असतो, त्याची बारकाई इथे अपुरी पडते.

खालच्या चुका सारख्या दिसतात :

- सेन्सर होडीला किंवा तरंगत्या डब्याला टांगला जातो. तो लाटेबरोबर वरखाली होतो, त्यामुळे दाब जवळजवळ बदलतच नाही आणि नोंद सपाट येते. सेन्सर तळाला किंवा रोवलेल्या पाइपला पक्का बांधायला हवा.
- हवेचा दाब समुद्रसपाटीचा, १,०१३ हेक्टोपास्कल धरला जातो. आपले जलाशय सहाशे-सातशे मीटर उंचीवर आहेत, तिथे तो ९३० ते ९४५ असतो. १ हेक्टोपास्कल म्हणजे जवळपास १ सेंमी पाणी, म्हणजे खोलीत ७०-८० सेंमीची चूक आणि विरण्याचा गुणक पूर्ण चुकीचा. सेन्सर पाण्यात सोडण्याआधी पाच मिनिटे हवेत चालू ठेवा, तो आकडा वजा करा.
- घनता समुद्राची, १,०२५ घेतली जाते. गोड्या पाण्याला १,००० घ्या. फरक अडीच टक्के.
- जलाशयाची खोली पूर्ण संचय पातळीवरून घेतली जाते. ऑक्टोबर ते मे पाणी कित्येक मीटर उतरते. त्या दिवशीची खोली दोरी आणि वजन सोडून मोजा.
- सेन्सरचे तोंड वाहत्या पाण्याकडे राहते. मग वेगाचा दाबही मोजला जातो. तोंड खाली करा. छिद्राच्या टोपीत हवेचा बुडबुडा अडकू देऊ नका, टोपी पाण्याखालीच बसवा.

नोंद हातात आली. पुढचा क्रम काय?

सर्वांत आधी पूर्ण नोंद आलेखावर काढून डोळ्यांनी बघा. तुटलेली, सपाट झालेली किंवा एकाच आकड्यावर अडकलेली जागा लगेच दिसते. मग सरासरी आणि सरळ कल वजा करा. प्रमाण विचलनाच्या पाचपटीबाहेर गेलेला एकटा आकडा काढून शेजारच्या दोघांवरून भरा. शंभरात पाचाहून जास्त आकडे भरावे लागत असतील तर ती नोंद बाद करा. ओढूनताणून वाचवलेल्या नोंदीवर पुढचे सगळे उभे राहते.

८ हर्ट्झने १० मिनिटांचे ४,८०० आकडे होतात. त्यांचे ५१२ आकड्यांचे, म्हणजे ६४ सेकंदांचे तुकडे करा, शेजारचे तुकडे निम्मे एकमेकांवर चढवा, हान खिडकी (तुकड्याची दोन्ही टोके हळूहळू शून्यावर आणणारे वजन) लावा आणि सगळ्या तुकड्यांच्या स्पेक्ट्रमची सरासरी घ्या. हीच वेल्च पद्धत, पायथनमध्ये ती तयार मिळते. दाब सेन्सर असेल तर याच टप्प्यावर विरण्याचा गुणक लावा. स्पेक्ट्रमखालचे क्षेत्रफळ म्हणजे पातळीच्या प्रमाण विचलनाचा वर्ग. त्याचे वर्गमूळ काढून ४ ने गुणा. शेवटी ही उंची आणि शून्यछेदाने काढलेली उंची शेजारी ठेवा.

पूर्ण नोंदीचा एकच स्पेक्ट्रम काढला तर तो काटेरी दिसतो आणि विद्यार्थी प्रत्येक काट्याला लाट समजतात. समुद्रातल्या वेव्हरायडरमध्येही २०० सेकंदांच्या आठ तुकड्यांची सरासरी घेतात. तरीही स्पेक्ट्रमच्या एका बिंदूची खरी किंमत ९० टक्के खात्रीने दिसणाऱ्या किमतीच्या ०.६ ते २ पट यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. जवळजवळच्या दोन शिखरांवर निष्कर्ष काढण्याआधी हा पट्टा आलेखावर काढा.

रत्नागिरीच्या स्पेक्ट्रममध्ये दोन-दोन शिखरे का दिसतात?

कारण दोन वेगळ्या ठिकाणच्या लाटा एकाच वेळी येतात. दक्षिण महासागरातल्या वादळांनी उठवलेला स्वेल हजारो किलोमीटर प्रवास करून येतो, त्याचा आवर्तकाल १४ सेकंदांहून जास्त असू शकतो. त्याच वेळी जवळच्या वाऱ्याने उठलेल्या ४ ते ६ सेकंदांच्या लाटा असतात. मार्च ते मे दुपारनंतर खारा वारा सुटला की हे दुसरे शिखर वाढते आणि रात्री बसते. हिवाळ्यात अरबस्तानकडच्या शमाल वाऱ्यांचा स्वेल वायव्येकडून येतो. पावसाळ्यात नैर्ऋत्य वाऱ्याचा जोर इतका असतो की बहुतेक वेळा एकच रुंद शिखर उरते.

अशा मिश्र समुद्रात एकच लक्षणीय उंची आणि एकच आवर्तकाल देणे दिशाभूल करणारे आहे. दोन शिखरांमधल्या दरीत रेषा काढा आणि दोन्हीकडची उंची वेगळी द्या. एकूण उंची म्हणजे दोन उंचींची बेरीज नव्हे. दोन्हींचे वर्ग मिळवून वर्गमूळ घ्यायचे. स्वेल १.२ मीटर आणि वाऱ्याची लाट ०.९ मीटर असेल तर एकूण १.५ मीटर.

आपल्या धरणांच्या पाण्यावर लाट किती मोठी होऊ शकते?

वारा किती वेगाने, किती वेळ आणि किती मोकळ्या पाण्यावरून वाहतो त्यावर. या मोकळ्या अंतराला फेच म्हणतात. जलाशयाची लांबी म्हणजे फेच नव्हे. कोयनेचा शिवसागर दक्षिणोत्तर लांबच लांब दरीत पसरला आहे आणि पावसाळी वारा पश्चिमेचा. तो पाण्याला आडवा जातो, म्हणून मोकळे अंतर थोडेच मिळते. नकाशावर वाऱ्याच्या दिशेला मधोमध एक रेषा आणि दोन्ही बाजूंना दर ६ अंशांवर ४२ अंशांपर्यंत, अशा पंधरा रेषा किनाऱ्यापर्यंत काढतात. प्रत्येकीचे वाऱ्याच्या दिशेतले अंतर कोसाइनचे वजन देऊन सरासरीत घेतात. ही सॅव्हिलची पद्धत.

धरणाच्या पुस्तकांत मोलिटरचे सूत्र असते : उंची = ०.०३२ × √(वेग × फेच) + ०.७६३ − ०.२७१ × फेचचे चौथे मूळ. वेग ताशी किलोमीटर, फेच किलोमीटर, उंची मीटर, आणि फेच ३२ किलोमीटरपेक्षा कमी. १०० किमी वेग आणि ६ किमी फेच घातले की १.१२ मीटर येते. उत्तर समुद्रातल्या जॉनस्वॅप प्रयोगावर आधारलेले साधे सूत्र (०.००१६ × वेग × √(फेच ÷ ९.८१), सगळे मीटर-सेकंदात) १.१० मीटर देते. छान जुळते.

आता वेग २० किमी घाला. मोलिटर ०.६९ मीटर सांगतो, दुसरे सूत्र ०.२२. वेग शून्य घातला तरी मोलिटर ०.३४ मीटरची लाट देतो! ते सूत्र वादळी वाऱ्यात धरणाची उंची ठरवण्यासाठी बसवलेले आहे, रोजच्या वाऱ्यासाठी नाही. तुमच्या मोजमापाची तुलना त्याच्याशी केली तर तुमचेच उपकरण चुकीचे वाटेल. शिवाय लाट पूर्ण वाढायला वेळ लागतो. सेकंदाला १० मीटर वारा आणि ५ किमी फेच असेल तर सुमारे ७० मिनिटे वारा टिकायला हवा, तेव्हा कुठे ३५ सेंमी लक्षणीय उंची मिळते. चाळकेवाडीच्या पठारावरच्या वाऱ्याचा आकडा दरीतल्या पाण्यासाठी वापरू नका, वारा पाण्याजवळच मोजा.

धरणाच्या भिंतीशी मोजमाप करणे टाळा. उभ्या भिंतीवरून लाट परतते आणि भिंतीपाशी उंची जवळपास दुप्पट दिसते. दोन-तीन तरंगलांब्या, म्हणजे पंधरा-वीस मीटर दूर राहा.

नोंदीत दहा-बारा मिनिटांचा संथ चढउतार दिसतो. ही लाट आहे का?

आहे, पण वाऱ्याची नव्हे. वाऱ्याने एका टोकाला ढकललेले पाणी वारा बसला की पूर्ण जलाशयात झोके घेते. त्याला सेश म्हणतात. आवर्तकाल = २ × लांबी ÷ √(९.८१ × सरासरी खोली). ५ किमी लांबी आणि २० मीटर खोलीला सुमारे १२ मिनिटे येतात. लाटांच्या हिशेबातून तो वजा करा, पण मूळ नोंद जपून ठेवा. त्याचा वेगळा अभ्यास होऊ शकतो.

सांगलीच्या आयर्विन पुलावरची पातळी या पद्धतीने मोजतात का?

नाही. तिथली ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका ही नदीची संथ बदलणारी पातळी आहे. पुराचा लोंढा तासांनी आणि दिवसांनी सरकतो, त्यासाठी शून्यछेद किंवा स्पेक्ट्रम लागत नाही.

‘शंभर वर्षांतून एकदा येणारी लाट’ म्हणजे शंभर वर्षे निश्चिंत?

मुळीच नाही. दर वर्षी १ टक्का शक्यता, असा त्याचा अर्थ. ३० वर्षांत ती निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के होते, ५० वर्षांत ३९.५ टक्के. अरबी समुद्राच्या आकडेवारीत एक खास खबरदारी घ्यावी लागते : मॉन्सूनच्या लाटा आणि चक्रीवादळाच्या लाटा एकाच वितरणात घालू नयेत. मॉन्सून दरवर्षी येतो आणि लाटा एका पट्ट्यात राहतात. २०२० चे निसर्ग किंवा २०२१ चे तौक्ते यांसारखी वादळे क्वचित येतात आणि आकडे एकदम वेगळे असतात. दोन्ही मिसळून बसवलेली गुम्बेल रेषा (टोकाच्या आकड्यांचा अंदाज बांधण्याची रेषा) कोणत्याच बाजूला खरी उतरत नाही. शिवाय एकाच वादळातले तासातासाचे आकडे स्वतंत्र नसतात. प्रत्येक वादळातला सर्वोच्च एकच घ्या.

उपग्रहावरून लाटांची उंची कशी कळते?

रडारचा स्पंद सपाट पाण्यावरून एकदम परततो आणि खवळलेल्या पाण्यावरून पसरून परततो. परतणाऱ्या संकेताचा जोर किती सावकाश चढतो त्यावरून लक्षणीय उंची काढतात. इस्रो आणि फ्रान्सच्या सीएनईएस यांचा २०१३ मध्ये सोडलेला सरल उपग्रह हेच करत होता. काही किलोमीटरच्या पट्ट्याची ती सरासरी असते, त्यामुळे जलाशयासाठी निरुपयोगी.

जलाशयावर उपकरण लावायला परवानगी लागते का?

लागते. धरण आणि त्याचे पाणी जलसंपदा विभागाच्या ताब्यात असते. संबंधित उपविभागाकडे महाविद्यालयाच्या पत्रावर अर्ज करा, त्यात जागा, दिवस, माणसांची नावे आणि उपकरणाचे वजन लिहा. कोयनेसारख्या ठिकाणी निर्बंध कडक आहेत. सरावासाठी लहान तलाव आणि कडेची जागा निवडणेच सोयीचे. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाने लाइफ जॅकेट घालायचे, पोहता येत असले तरी. धरणाच्या कडेला गाळ असतो आणि पाय रुतला की निघत नाही. दरवाज्यांच्या किंवा विमोचकाच्या जवळ जाऊच नका.

प्रत्येक नोंदीबरोबर हे लिहून ठेवा : तारीख, सुरू आणि बंद केल्याची वेळ, जीपीएस स्थान, त्या दिवशीची जलाशय पातळी, पाण्याची खोली, सेन्सरची खोली, हवेतला दाब, वाऱ्याचा वेग आणि दिशा, नोंदीचा वेग आणि उपकरणाचा क्रमांक. यातली सेन्सरची खोली राहिली तर दाबाची संपूर्ण नोंद वाया जाते, ती नंतर कुठूनही मिळत नाही.